पायरीसकट जीप वैष्णवीला

मी, कमल कृष्णराज बिराजदार, वय सदुसष्ट, राहणार सास्तूर, तालुका लोहारा, जिल्हा धाराशिव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. माझ्यावर कोणाचाही दाब नाही. राग आहे, आणि तो सर्वस्वी माझ्या मालकीचा आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. भूकंपानंतर मिळालेले सास्तूरचे राहते घर माझा मुलगा कुलदीप आणि मुलगी हर्षाली यांना समान मिळावे. कुलदीप तिथेच राहतो, त्याने खुशाल राहावे. मात्र हर्षाली माहेरी आली की "किती दिवस हाईस?" असे उंबऱ्यातच विचारू नये. ती स्वतःच्या घरी आलेली असेल.

२. रान दोघांना निम्मे निम्मे. बांध त्यांच्या वडिलांनी घातला आहे तोच ठेवावा. बँकेतली ठेव हर्षालीची.

३. माझे शिलाई मशीनही हर्षालीला. याच मशीनवर मी जीपचे हूड शिवले. सोलापूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिवण शिकवणाऱ्या सिस्टर कापड उलटे करून मागची बाजू आधी बघत. पुढून सगळेच चांगले शिवतात, असे त्या म्हणायच्या. त्या धाकाने मी ताडपत्रीच्या आतल्या शिवणीसुद्धा दुमडून घेतल्या. सासूबाई, धुरपदाबाई, ओट्यावर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "कान्व्हेंटात जीपला परकर शिवाया शिकिवत्यात व्हय?" मी म्हटले, "तुमच्या अंगावर पाऊस येऊ नये म्हणून शिवते." त्यावर, "मंग जरा घेरदार शिव!"

४. आता जीप. याच कलमासाठी हा सगळा खटाटोप आहे.

जीप माझ्या यजमानांनी, कृष्णराजांनी, एका सरकारी खात्याच्या लिलावात जुनी घेतली. पत्रा गंजलेला, फोर-व्हीलचा गिअर मेलेला. आमच्या रानाची वाट काळ्या मातीची. पावसाळ्यात तिथे बैलगाडीसुद्धा रुतायची. ते शाळामास्तर, घरात दोन मुले आणि एक म्हातारे माणूस, तेव्हा सगळे एकदम दुरुस्त करणे शक्य नव्हते. त्यांनी नियम केला. तूर विकली की पाडव्याला जीपचे एकच काम करायचे, आणि कोणते करायचे ते त्या वर्षी ज्याचा नंबर असेल त्याने सांगायचे. बाकीच्यांनी तोंड घालायचे नाही.

पहिला नंबर सासूबाईंचा. भूकंपात त्यांचा उजवा पाय भिंतीखाली सापडला, तो पुन्हा गुडघ्यात वाकला नाही. त्यांनी पायरी मागितली. लोहाऱ्याच्या गुंडाप्पा मिस्त्रींनी आमच्या पडलेल्या घराच्या खिडकीचे गज वापरून पायरी केली आणि जीपला जोडली. त्या पायरीवर पहिल्यांदा पाय ठेवताना सासूबाई म्हणाल्या, "ह्या खिडकीतून म्या सून आलेली बघितली हुती." ती सून म्हणजे मी.

दुसऱ्या वर्षी यजमानांनी फोर-व्हील सुरू करून घेतले. मग माझे हूड. हर्षालीने आत दिवा मागितला, कारण रानात आमची वाट बघताना तिला अंधारात पुस्तक दिसत नसे. कुलदीपचा नंबर आला तेव्हा तो चौथीत होता. म्हणाला, "बाबा, आपला हॉर्न वाजला की बैल बुजत्यात. बैल बुजणार न्हाईत असला हॉर्न बसवा." यजमान म्हणाले, "साहेब, असला हॉर्न कुठलीच कंपनी काढत नाही." पण धाराशिवचा बाजार पालथा घालून त्यांनी रबरी फुग्याचा एक हॉर्न आणला. तो पों करायचा, आणि बैल फक्त कान हलवायचे. आठ दिवस ते पोर झोपतानाही हॉर्न उशाशी घेत होते. एवढे सगळे होऊनही ते पोर असे निघावे, याचा मला उलगडा होत नाही.

सासूबाई गेल्यावर त्यांचा नंबर नव्या सुनेला, म्हणजे कुलदीपच्या बायकोला, वैष्णवीला दिला. तिने लाजत सांगितले, "आत्या, ड्रायव्हरची शीट पुढं सरकल असं करता यील का? माझे पाय पोचत न्हाईत." तिला चालवायला शिकायचे होते. यजमान खूश झाले. पण त्या पाडव्याला ते दवाखान्यात होते, आणि तिथून ते परत आले नाहीत. वैष्णवीचा नंबर राहिला तो राहिलाच.

५. जीप माझ्या नावावर झाली, पण किल्ली कुलदीपने घेतली. त्याने कर्ज काढून सगळ्यांचे नंबर एकट्याने लावले. जीप कमरेइतकी उंच केली. हत्तीच्या पायासारखी चाके, कपाळावर दिव्यांची रांग, मागे बेंचच्या जागी स्पीकर, काचेवर "नाद करायचा न्हाय". हूड फाडून काढले. पायरी कापून भंगारवाल्याला दिली. मी विचारले तर म्हणाला, "पायरीनं जीप टमटम दिसती, आई."

ही जीप आता रानात जात नाही. ती वरातीत आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसांना भाड्याने जाते. बॉनेटवर उभे राहून पोरे नाचतात. परत येते तेव्हा सीटवर गुटख्याच्या पिचकाऱ्या आणि दारूचा वास असतो, एकदा ओकारीही होती. ती वैष्णवीने धुतली. जीप चालवायची परवानगी तिला नाही, धुवायची आहे. मला या सगळ्याची किळस येते. दुसरा सभ्य शब्द मी शोधला, सापडला नाही.

मागच्या वर्षी मला दवाखान्यात जायचे होते. पायरी नाही, पाय पोचेना. कुलदीपच्या दोन मित्रांनी मला काखेत धरून पोत्यासारखे वर टाकले. एक जण हसत म्हणाला, "काकूंचं लोडिंग झालं." कुलदीपही हसला. त्या दिवसापासून मी एसटीने जाते. एसटीला पायरी असते.

यंदा मे महिन्यातल्या एका वरातीत त्याने नवा हॉर्न वाजवला. समोरून आमच्या गावच्या गोरोबाची बैलगाडी येत होती. बैल बुजले, गाडी उलटली, गोरोबाचा हात मोडला. मी बघायला गेले तर तोच मला समजावू लागला, "बैलांचा काय दोष, ताई? मलाबी वाटलं पुन्हा भूकंप आला." घरी येऊन मी कुलदीपला हे सांगितले. तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "त्याचे बैलच भित्रे हाईत." बैल बुजू नयेत म्हणून हॉर्न मागणारा मुलगा आणि हा माणूस एकच आहेत, हे मला शपथेवर सांगावे लागले तर अवघड जाईल.

६. म्हणून माझ्या मालकीची जीप, स्पीकर सोडून आहे त्या अवस्थेत, मी माझी सून वैष्णवी कुलदीप बिराजदार हिला एकटीला देते. उपकार म्हणून नव्हे, तिचा नंबर आहे म्हणून. कुलदीपने पायरी भंगारात दिली त्याच आठवड्यात मी ती भंगारवाल्याकडून परत आणली. ती माझ्या पलंगाखाली गोधडीत गुंडाळलेली आहे. गुंडाप्पांनी जीप पहिल्या उंचीवर आणावी, पायरी जोडावी आणि ड्रायव्हरची सीट वैष्णवीचे पाय पोचतील इतकी पुढे घ्यावी. त्यासाठी माझ्या गळ्यातली बोरमाळ मोडावी. पुढे काय करायचे ते वैष्णवीने पाडव्याला ठरवावे. बाकीच्यांनी तोंड घालू नये.

७. स्पीकर माझे धाकटे दीर महारुद्र यांना. "वहिनी, पोरगं तालुक्यात गाजतंय, तुमी काय त्या पायरीला धरून बसलात," असे ते म्हणाले होते. त्यांनी ते स्पीकर स्वतःच्या माजघरात लावावेत आणि भावजयीच्या आठवणीसाठी रोज पहाटे ऐकावेत.

८. कुलदीप, तुला रबरी हॉर्न. तो कपाटात, तुझ्या चौथीच्या गणवेशाच्या घडीत आहे. रबर कडक झाले होते, मी नवे बसवून घेतले. आईने मला काही दिले नाही असे कोणाला सांगू नकोस. या जीपसाठी तू रीतसर मागितलेली वस्तू एवढीच होती.

९. मला यजमानांशेजारी, आपल्याच रानात, अग्नी द्यावा. तोवर वैष्णवी शिकलेली असेल तर जीप तिने चालवावी. नसेल तर बैलगाडीने न्यावे, लाजू नये. कुलदीपने मागे माझ्याजवळ बसावे. चढताना त्याने पायरीवरून चढावे (तोवर जोडलेली नसेल तर नुसती टेकवून), उडी मारून नव्हे. वाटेत कोणाचे बैल समोर आले तर तो रबरी हॉर्न त्याने वाजवावा. बैलांनी नुसते कान हलवले, तर माझी त्याच्याबद्दलची तक्रार तिथेच संपली असे समजावे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी हर्षालीने करावी. भावाचा चेहरा बघून विरघळू नये, मीही विरघळलेली नाही. निदान इथे लिहिण्यापुरती तरी.

वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांना मी स्वतः वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली. आम्ही तिघे एसटीने आलो.

ठिकाण: धाराशिव
दिनांक: १९ जून २०२५

सही: कमल कृष्णराज बिराजदार

साक्षीदार:
१. गुंडाप्पा, वेल्डिंग मिस्त्री, राहणार लोहारा. पायरी पुन्हा जोडण्याचे मान्य.
२. गोरोबा, शेतकरी, राहणार सास्तूर. उजवा हात गळ्यात असल्याने सही डाव्या हाताने केली आहे. वाकडी आली असली तरी त्यांचीच आहे.