दशैंचे हातमोजे

लाडक्या कांछी,

दशैंला, आपल्या दसऱ्याच्या सणाला, तू लग्नानंतर पहिल्यांदा घरी आलीस आणि मी पलटणीतले पांढरे हातमोजे घालून तुम्हा दोघांना दही-तांदळाचा लाल टिळा लावला. तू नवऱ्याच्या कपाळावरचे तांदूळ पुसलेस. "बा, अस्पृश्य म्हणून लोहाराच्या पोराला शिवायचंच नव्हतं, तर बोलावलंत कशाला?" म्हणालीस.

मी मोजे काढले नाहीत. मोज्यांच्या आत कोड होतं, पोरी.

तुझ्या लग्नानंतर मी लढाईवरून आलो तेव्हा बोटावर तिळाएवढा डाग होता. पुढे कुकरची शिट्टी झाली तरी मी खाटेखाली शिरायचो, आणि डाग वाढतच गेला. डॉक्टर म्हणाले, "सुभेदारसाहेब, शिवल्यानं हे कुणाला होत नाही. पण जिवाला घोर लावून घेतलात तर तुमचं पसरेल." चौकातल्या चहावाल्याला हे कोण सांगणार? तो मला वेगळ्या पेल्यात चहा देतो. शिवाशिव काय असते ते मला कळतं, कांछी. नव्या जावयाला माझ्या बोटांची किळस येऊ नये, एवढंच मनात होतं.

तू गेलीस आणि महिन्याभरात डाग ओठांवर आले. तुझी आई रोज म्हणते, "अहो, लेकीला खरं काय ते लिहा." हे पत्र पाठवलं, तर तू धावत येशील आणि पहिलं विचारशील, "बा, तोंडावर कधी आलं?" आणि तुझ्याशी खोटं बोलायला मला जमत नाही.

त्यापेक्षा हे पत्र पेटीतच राहू दे, आणि जात बघणारा बाप म्हणून माझा रागच कर.

तुझा,
बा