शहाद्याहून सुटलेली तार

रनाळे, ९ फेब्रुवारी १९६२

ती. सौ. रेवाताईस,
हिंमतचा शि. सा. न. वि. वि.

परवा होस्टेलात तार आली आणि त्या घडीला माझं सगळंच फिरलं. ‘आई अत्यवस्थ, ताबडतोब ये. गिरधर.’ कॉलेज, परीक्षा टाकून धुळ्याहून मिळेल त्या गाडीने घर गाठलं, तर आई अंगणात मिरच्या निवडत बसलेली. मला रडताना बघून म्हणते, “मी मरनू का? मंग रडस काब्रं?” तारेखाली नाव वडिलांचं, पण त्यांनी ती केलेलीच नाही. आई मात्र खूश. खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं म्हणे, म्हणून तिने गल्लीत गूळ वाटला.

मला तो गोड लागला नाही. हे काम रंजनाच्या बापाचं, चुनीलालचं. आमचं त्याला कळलंय. परीक्षा बुडवली की ‘नापास पोराला मुलगी कशी देऊ’ म्हणायला मोकळा! तार शहाद्याहून सुटलीय आणि दर बाजारी तो तिथेच असतो. आता पोस्टमन हसला तरी वाटतं, हाही सामील.

आज नंदुरबारच्या ठाण्यावर चुनीलालच्या नावाने फिर्याद दिली. करणसिंग जमादार म्हणाले, खोटी तार करणाऱ्याला तारेच्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत सजा. मी म्हटलं, पुरी द्या. तारऑफिस तुझ्या घराजवळच, तेव्हा डोळे उघडे ठेव.

मी तापट खरा, पण माया पातळ करू नकोस.
तुझा हिंमत

शहादे, १२ फेब्रुवारी

चि. हिंमत यास अनेक आशीर्वाद.

तार रंजनाने केली. काल माझ्याकडे येऊन रडली.

याच महिन्यात तिचं लग्न आहे. तुला लिहिलेली पत्रं बाप फोडतो. बस्त्याचे कपडे घ्यायला मावशीकडे आली, तेव्हा नजर चुकवून तारऑफिसात गेली. तिच्या नावाने तार गेली असती तर गावभर झाली असती आणि होस्टेलवाल्यांनी तुला सोडलंही नसतं. आईंचं आयुष्य तरी वाढेल म्हणून त्यांचंच नाव घातलं, म्हणते. घरी आलास की काही करून भेटशील, असं वाटलं बिचारीला. तू गेलास ठाण्यावर! कॉलेजात एवढंच शिकलास का?

पोलीस इथे येऊन गेला. तारबाबूने सांगितलं, हनुवटीवर गोंदण असलेली पोर होती. लवकर काहीतरी कर.

जपून राहा. तुझ्यावर रागावले तरी तुझीच आहे.
रेवा

रनाळे, १४ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस सा. न.

पत्र वाचून आधी वाटलं, चुनीलालने तुला पढवलं. माफ कर. सकाळी फिर्याद मागे घ्यायला गेलो. जमादार म्हणाले, आता ती तुझी नाही, सरकारची. दोन-तीन दिवसांत तारबाबूला घेऊन ते चुनीलालच्या घरी पोर ओळखायला येणार.

म्हणून आज ठाण्यावर लिहून देतोय की परीक्षेला भ्यायलो, तार मीच करवली. धुळ्याच्या स्टँडवर शहाद्याला निघालेल्या एका अनोळखी पोरीच्या हाती मजकूर दिला, असंही लिहीन. जमादार डोळे बारीक करतील, पण नापास व्हायला भिणाऱ्या पोरावर लोक पटकन विश्वास ठेवतात. कॉलेज मला परत घेणार नाही. रंजनाला सांग, ओळखायला आलेच तर गप्प बस. लग्नाचं तिने ठरवावं. मी आड येणार नाही, पण आशाही सोडलेली नाही.

आईला सांगितलंय, जमादारांनी बोलावलंय. ती म्हणाली, जेवून जा. जेवलो.

पत्र जाता जाता पेटीत टाकतो. माझ्या वाटणीची माया राखून ठेव. वडील आत झोपलेत, म्हणून दार हलकेच लावून निघतो.
हिंमत