वाघ, म्हातारी आणि माझं नाव

३ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प तीन दिवस उशिरा, पण पक्का. यंदा पेपरात माझं नाव छापून आणायचं. बावीस वर्षं बातम्या पाठवतोय, प्रत्येकीच्या डोक्यावर ‘निपाणी, वार्ताहर’. गावातल्या झाडून साऱ्या चेअरमन लोकांची नावं मी छापली. एकाचं तर निधनवार्तेत, तो हयात असताना. माझं एकदाही नाही. वार्ताहरानं स्वतःचं नाव बातमीत घालू नये, असा ऑफिसचा नियम. नियम उत्तमच आहे. फक्त तो मला लागू नसावा.

५ जानेवारी
दैव अनुकूल. मराठी शाळेचे युवराज सर भेटले. स्नेहसंमेलनात सातवीची मुलं खोटा खटला चालवणार आहेत. भोपळ्यातली म्हातारी आरोपी, वाघ फिर्यादी. ‘लेकीकडून लठ्ठ होऊन येते, मग खा’ असं वचन देऊन ती भोपळ्यात बसून निसटली, म्हणून वचनभंगाचा दावा. सर म्हणाले, बातमी देताय न्हवं अण्णा? म्हटलं, बातमी कसली, मी न्यायाधीशच होतो. सर म्हणाले, न्यायाधीश सातवीतली प्रणिता हाय. मी त्यांना न्यायदानात संस्कृतचं स्थान या विषयावर थोडं सांगितलं. त्यांना बस पकडायची होती, त्यामुळे लगेच पटलं.
प्रणिताला पुकारा करायचं काम दिलं. ती म्हणाली, चालतंय, त्यात वरडायला मिळतंय.

८ जानेवारी
निकालपत्र पूर्ण. नऊ पानं. पैकी तीन मंगलाचरणाची. निकाल कुणाच्या बाजूनं, हे मात्र अजून ठरलेलं नाही. शेवटच्या ओळीत बघू.
नावाची व्यवस्थाही लागली. बेळगाव ऑफिसचा ओमकार येऊन बातमी लिहिणार. म्हणजे नियमही शाबूत आणि मीही. ओमकार म्हणाला, येतोच बघा. ‘येतोच’ म्हणाला, ‘बघतो’ नव्हे. माणूस शब्दाचा पक्का.

१० जानेवारी
न्यायाधीशाचा काळा गाउन भाड्यानं मिळेना. बायकोच्या, म्हणजे मंगलच्या, जुन्या काळ्या परकराची शिवण उसवून तिच्याकडूनच गाउन शिवून घेतला. बाह्या घेरदार आल्या. आरशात बघितलं. दबदबा आहे. मंगल म्हणाली, घरात तुमचं मांजर ऐकंना, वाघ ऐकणार व्हय? बायकांना न्यायव्यवस्थेचा आदर कमी.

१२ जानेवारी
तालीम. वाघ झालाय अरिहंत, तंबाखूचे व्यापारी पद्मराज अण्णांचा नातू. डरकाळी अशी की शेजारच्या वर्गातलं पोर रडलं. त्याला वाक्य दिलं, ‘मला या म्हातारीचं मांस मिळालं पाहिजे.’ त्यानं विचारलं, मांसच पायजे का? दुसरं काय चालंल? म्हटलं, वाघ तो वाघ. म्हणाला, घरात इचारून सांगतो. केवढी ही भूमिकेवरची निष्ठा!

१६ जानेवारी, दुपारी
ओमकारचा फोन. उद्या त्याला शहापुरात साड्यांच्या प्रदर्शनाला जायचंय. म्हणाला, तुम्हीच टाका की चार ओळी, अण्णा. मन शांत आहे. जेवण गेलं नाही, एवढंच.
नवा विचार. बातमी वार्ताहरानं लिहायची, नाव न्यायाधीशाचं घालायचं. हे दोघे एकाच देहात राहतात हा केवळ योगायोग.

१७ जानेवारी
हॉल भरला होता. पद्मराज अण्णा प्रमुख पाहुणे, पहिल्या रांगेत. म्हातारी झालेल्या सौम्यानं काठी आपटून सांगितलं, मानेवर पंजा ठेवून घेतलेलं वचन, वचन न्हवं. टाळ्या. हा मुद्दा माझ्या नऊ पानांत नव्हता. असो.
मी वाघाला विचारलं, तुझी मागणी काय? वाघ पहिल्या रांगेकडे बघू लागला. तोच पद्मराज अण्णा उठले. म्हणाले, अवो जजसाहेब, आमच्या घरात अंडं येत न्हाय, आणि पोरगं भर सभेत मांस मागणार व्हय? आन् वाघाला म्हणाले, भिऊ नगंस रं, खरं काय पायजे सांग. वाघ म्हणाला, भोपळ्याचे घारगे.
अण्णांनी तिथूनच विचारलं, म्हातारे, भोपळा तुझाच हाय न्हवं? करून घालतीस काय घारगे? सौम्या म्हणाली, घालते, पण लेकीकडं जाताना त्यानं वाटंत उभारायचं न्हाय. वाघ म्हणाला, न्हाय उभारत. अण्णा म्हणाले, झालं, मिटलं.
मी लाटणं आपटलं. (हातोडा मिळाला नव्हता.) म्हटलं, अथ निर्णयः. मागून कुणीतरी म्हणालं, अवो मिटलंय की आता, कशाला उकरून काढताय? मी दुसऱ्या पानाला हात घालणार, इतक्यात प्रणितानं पुकारा केला: कोर्ट उठलंऽऽऽ! आणि कोर्ट खरंच उठलं. सगळं उप्पीट-चहाकडे गेलं.
निकालपत्र सुस्थितीत आहे. पुढेमागे दुसऱ्या खटल्याला चालेल.

१८ जानेवारी
बातमी पाठवली. ‘वाघ-म्हातारीत समेट, पद्मराज अण्णांची यशस्वी मध्यस्थी.’ सत्याला काय करणार? उपस्थितांची नावं रीतीप्रमाणे. आधी दिवाळी अंकाला जाहिरात देणारे, मग देतील असे वाटणारे, मग शिक्षक. न्यायाधीश सगळ्यांत शेवटी. विद्या विनयेन शोभते. विनय जरा जास्त झाला का, अशी शंका येते. पण पहिल्यांदा नाव छापायचं, तर ते नम्रपणेच छापावं.

१९ जानेवारी, सकाळी
बातमी आली. पान तीन, फोटोसह. नावं अकरा, पुढे ‘आदी उपस्थित होते.’
मी त्या ‘आदी’त आहे. बावीस वर्षं लोकांना मीच तिथे ढकलत आलो. आत बरीच गर्दी असणार.
फोटोत मधोमध पद्मराज अण्णा, एका बाजूला वाघ, दुसऱ्या बाजूला म्हातारी. उजवीकडे एक घेरदार काळी बाही आत आलेली. बाकीचा न्यायाधीश ऑफिसनं कापलेला.
मंगलनं चष्मा लावून बघितलं आणि ओरडली, अगं बाई, ह्यो तर माझा परकर!
तिनं कात्रण फ्रिजवर चिकटवलंय. सकाळपासून जो येईल त्याला दाखवतेय.