क्लबच्या मासिकातलं तुमचं पान

बाबा,

काल प्रेसमध्ये क्लबकडून पत्रांचा एक गठ्ठा आला. जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या मालकांचा तो क्लब, तुमच्या लाडक्या सेक्रेटरीसाहेबांचा. सभासदांना पुन्हा विचारलंय, आपल्या मासिकात तुम्हाला काय वाचायला हवंय? उत्तरं टाइप करायचं काम अर्थात माझं. निम्म्याहून जास्त लोकांनी एकच मागितलंय: त्या रोह्याच्या मेकॅनिकचं पान परत आणा. एकाने लिहिलंय, दोन कार्बुरेटर रबरी नळीने ऐकून कसे जुळवायचे ते पुढे सांगेन म्हणाले होते, मग सांगितलं का कधी? सांगितलं होतं हो. माझ्यासमोर बसून, सबंध एक दुपारभर सांगितलं होतं.

तुम्हाला आठवत असेल, साहेबांची ती लाल, उघड्या टपाची गाडी रोह्यात कुंडलिका नदीच्या पुलावर बंद पडली आणि लोकांनी ढकलत पलीकडे अष्टमीला आपल्या गॅरेजात आणली. तुम्ही बॉनेट उघडलं, इंजिन कसंबसं धडधडत ठेवलं, रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं, दुसरं आधी एका कार्बुरेटरच्या तोंडाशी, जिथून इंजिन हवा ओढतं तिथे, आणि मग दुसऱ्याच्या. साहेब हसायला लागले, डॉक्टर आहात का म्हणाले. तासाभराने गाडी अशी काही सुरळीत चालू लागली की त्यांचं हसू बंद. जाताना म्हणाले, हे सगळं आमच्या मासिकासाठी लिहून द्या. तुम्ही म्हणालात, ‘मला विंग्रजी येत नाय, पण पोरगी पेणला प्रेसात हाय.’ तेवढ्या एका वाक्यावर मासिकाची छपाईही आमच्या प्रेसकडे आली आणि तुमचं पानही माझ्या गळ्यात पडलं.

मासिक नावालाच, अंक निघायचा दर तीन महिन्यांनी, आणि तेव्हा आपलं स्वयंपाकघर. आई वाल सोलतेय, तुम्ही घासलेटाने हात धुऊन भिंतीला टेकून बसलायत, मी वही घेऊन समोर. तुम्ही मराठीत सांगायचं, मी थेट इंग्रजीत उतरवायचं. एकदा मी वाचून दाखवताना ‘नट थोडासा घट्ट करा’ म्हटलं, तर केवढे उखडलात! ‘थोडासा म्हंजे किती गो? वाचणारा गाडीखाली उताणा पडलाय, त्याला तुझा थोडासा काय कळणार? पाव फेरा लिव.’ पावसाळाभर गाडी उभी ठेवायची तर क्लच दाबून पेडल आणि सीटच्या मध्ये फळी अडकवा, नाहीतर आपल्याकडच्या ओलीने प्लेट चिकटून बसते. खाडीच्या बांधावरून गाडी आणलीत तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा. असलं सगळं. लोकांची पत्रं यायची, मी तुम्हाला वाचून दाखवायची, आणि तुम्ही उगाच पान्हे पुसत बसायचात.

आणि मग क्लबने पहिल्यांदा तो प्रश्न विचारला, मासिकात काय हवं. तेव्हा क्लबात नव्या चकचकीत स्पोर्ट्स गाड्यांचे मालक शिरले होते. कुणाला स्वतःच्या गाडीचा मोठ्ठा फोटो हवा, कुणाला सहलीचं वर्णन, कुणाला आपल्या मॉडेलचा इतिहास. एकाने लिहिलं, आमची गाडी कंपनीचा कॉम्प्युटर बघतो, हे नटबोल्टचं पान कशाला? साहेबांनी तुमचं पान काढलं. मला सांगितलं, वडिलांना नीट समजावून सांगा. मी सांगितलंच नाही. आज सांगते, उद्या सांगते, करता करता दोन वर्षं गेली. तुम्ही सांगत राहिलात, मी वहीवर पेन फिरवत राहिले.

नवा अंक आला की तुम्ही विचारायचात, ‘माझं कुठं हाय?’ मी कुठलंही एक पान उघडून द्यायची. एकदा पेणहून परतताना मी अष्टमीच्या चहावाल्याकडे डोकावले, तर तुम्ही चारचौघांत अंक पसरून पानावर बोट ठेवून सांगत होतात, ‘हे मी लिवलेलं.’ टायरची जाहिरात होती हो ती! तिथेच खरं बोलायला हवं होतं. मी काय केलं? चहा मागवला.

शेवटच्या खेपेला तुम्ही आजारीच होतात. खोकत खोकत नळीचं सांगत होतात, आवाज कसा ओळखायचा, कुठला स्क्रू आधी फिरवायचा, दोन्हीकडचा ‘सूं’ सारखा आला तरी का फसायचं नाही. मी रात्रीची शिफ्ट करून आलेली, दमलेली, आणि मनात एकच, हे कुठे छापून यायचंय. तुम्ही विचारलंत, ‘लिवलंस ना समदं?’ मी म्हटलं, व्हय बाबा. पुढच्या महिन्यात तुम्ही गेलात.

आज ती वही काढली. शेवटच्या आठ बैठका, आणि पानंच्या पानं नुसत्या रेघा. लांबून अक्षरं वाटाव्यात अशा नागमोडी रेघा. एका पानावर बाजाराची यादी, आणि शेवटच्यावर ‘नळी’ एवढा एकच शब्द. गॅरेजच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. ती नळी कानाला लावणारं इथे कुणी उरलेलं नाही. मी तुमची मुलगी, पण मला कार्बुरेटरचं झाकणही उघडता येत नाही. तुमच्या डोक्यातलं सगळं माझ्या हातात येऊन संपलं, आणि ते आता कशानेही परत येणार नाही.

हे पत्र त्याच वहीच्या उरलेल्या कोऱ्या पानांवर लिहितेय, ते इथेच राहील. सकाळी साहेबांचा फोन आला होता, वडिलांचे जुने कागद असतील ना, म्हणून. मी सांगितलं, पुरात गेले. कुंडलिकेवर आळ घातला, बाबा. वही तर माझ्यासमोर आहे, कोरडी ठणठणीत.