कोरी जीभ

३ जानेवारी

रोजनिशी लिहिणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असं माझं मत होतं आणि अजून आहे. पण इथे फाटकावरच फोन काढून घेतात, आणि निघताना ठमीने ही वही माझ्या हातात कोंबून बजावलं की रोज लिहिलंस तरच बाळंतपणाच्या खोलीत तुला घेईन, नाहीतर सासूबाईंना घेईन. एकुलती एक लेक, तिला सातवा सरून आठवा लागलाय, आणि धमक्या आईवर गेलेल्या. म्हणून लिहिते. बारा तारखेला परत येते असा शब्द तिला दिला आहे.

सुखरूप पोचले. सिगारचा कारखाना म्हणजे धुराडी असतील असं वाटलं होतं. प्रत्यक्षात एक बैठं, लांबट विटांचं घर, मागे पानं मुरवायची कोठारं, आणि सगळीकडे झाडलोट चोख. खोली हवेशीर, खिडकीची कडी घट्ट, उशी मात्र दगडासारखी. बदलून मागितली, लगेच मिळाली. बरं वाटलं.

उभं आयुष्य मी चहा चाखून थुंकण्यात घालवलं. शेवटी कंपनीने माझ्या जागी यंत्र आणलं. यंत्राला सर्दी होत नाही, असं साहेब म्हणाले होते. इथल्या मालकांना यंत्र नको, माझंच नाक हवं. एक खास सिगार काढताहेत, अगदी थोडी, आणि प्रत्येक पेटीत माझा अभिप्राय आणि गुण छापून जाणार. मी जन्मात विडी ओढली नाही हे ऐकून ते खूश झाले. म्हणाले, कोरी जीभच हवी. धूर गिळायचा नाही, तोंडात घोळवून नाकावाटे सोडायचा आणि जे सापडेल त्याचं नाव लिहायचं. अट एकच, मोघम चालणार नाही. ‘गोड’, ‘लाकडी’, ‘छान’ असं लिहिणाऱ्यांना त्यांनी पहिल्याच दिवशी घरी पाठवलं म्हणे. मला हसू आलं. मोघम बोलणाऱ्यांचं माझ्याकडे काय होतं ते ह्यांना विचारा, असं तोंडावर आलं होतं. पण ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

बाळाचं टोपडं विणायला घेतलं. पांढरी लोकर.

४ जानेवारी

सिगार वळणारी एकच बाई आहे. वयाने माझ्याएवढी. सगळे तिला नुसतं ‘बाई’ म्हणतात. गाव कुठलं, मुलंबाळं किती, विचारून पाहिलं. ती हसली आणि पान तळहाताने सपाट करत राहिली. मालक म्हणाले, पूर्वी ती तुमच्याच खुर्चीत बसायची. मी विचारलं, मग ही बढती म्हणायची की उतरती? तेही नुसते हसले. इथे हसण्यावर फार भागवतात.

पहिली सिगार पेटवली. सुरुवातीला नवं चामडं, अक्रोडाचं टरफल. मग अर्ध्यावर आल्यावर माझा हात थांबला. ओल्या फरशीवरचं फिनेल, स्पिरिट, आणि त्याखाली उशाशी कापून ठेवलेलं, सुकत चाललेलं लिंबू. ह्यांच्या इस्पितळाचा वास. दोन वर्षं हा वास माझ्या नाकातून जात नव्हता. तो पानात कसा आला ते मला ठाऊक नाही, पण सापडलं ते लिहायचं, हा धंद्याचा धर्म. लिंबासकट लिहिलं. मालकांनी चिठ्ठी डोळे मिटून हुंगल्यासारखी वाचली. मी ब्याऐंशी गुण दिले.

५ जानेवारी

ह्यांच्यामागे पहिल्यांदा गाढ झोपले. छातीवरचा दगड कुणी उचलून नेल्यासारखं वाटतंय.

मोरीत फिनेलची बाटली आहे. बूच काढून नाकाशी धरली. काही नाही. सर्दीची चाहूल असावी. वाफारा घेतला.

७ जानेवारी

सर्दी नाही. बाकी सगळे वास येतात.

काल दुसरी सिगार झाली. ह्यांच्या दाढीचा साबण, आणि तो ज्या भिजलेल्या वर्तमानपत्रावर ठेवत त्याची शाई. इतकं हुबेहूब की मी दाराकडे पाहिलं. लिहिलं. अठ्ठ्याऐंशी.

आज पाकिटातला फोटो काढला. एक सडपातळ गृहस्थ. माझ्या खांद्यावर हात आहे, म्हणजे यजमानच असणार. एरवी खिडकीपलीकडून तिकीट देणाऱ्या माणसाइतकाच ओळखीचा.

मालकांना जाऊन सरळ विचारलं, पानाला काय चोळता? त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाले, काही चोळत नाही. चाखणारी नेमकं नाव देते, ते पान घेतं. मोघम नावाने काही हाती लागत नाही. मग त्यांनी मी चाखलेल्यातलीच एक पेटवली, झुरका घेतला आणि मला म्हणाले, तुमचे यजमान दाढी करताना गुणगुणायचे, सुरात मात्र नव्हते हो. हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं नव्हतं म्हणण्यात अर्थ नाही. मला ते ठाऊकच नाही.

माल इतका थोडा का, असंही विचारलं. म्हणाले, एका माणसात निघतं तेवढंच.

८ जानेवारी

उद्या निघते. बॅग भरली. मालकांनी अडवलं नाही, फाटक उघडंच असतं म्हणाले. फक्त एक शेवटची सिगार हातावर ठेवली. जे गेलं ते पानातच आहे, ओढेस्तोवर परत भेटतं, असं म्हणाले. नाव देऊ नका म्हणजे झालं.

वळणाऱ्या बाईने माझ्याकडे पाहून मान हलवली. हो म्हणून की नको म्हणून, कळलं नाही.

मी ओढणार नाही.

९ जानेवारी

ओढली. फोटो उलटा करून ठेवला होता, तरी नजर तिथेच जायची. पंचवीस वर्षांचा संसार आणि चेहरा आठवू नये?

भेटले. साबण, शाई, बेसूर गुणगुणणं. सुंभ जळला तरी तुझा पीळ जायचा नाही, असं मला चिडवायचे, तेही ऐकू आलं. रडले. लपवत नाही.

पण त्यांच्या मागून आणखी एक आलं. नेमकं काय ते लगेच ओळखलं आणि लेखणी खाली ठेवली. चिठ्ठी कोरीच परत पाठवली. मालक हिरमुसले. नाक माझं आहे, मालकी त्यांची नाही.

सिगार खोलीत आणली आहे. बशीत अजून धुमसते आहे. तोवर इथे लिहून ठेवते, म्हणजे विसरायची भीती नको. त्यांना मिळणार नाही, ही वही माझी आहे. तो ठमीच्या टाळूचा वास होता. जन्मानंतर तिसऱ्या दिवशीचा. कोमट तेल, उतू जायच्या आधीचं दूध, आणि किंचित घाम. माझं सगळं त्यात आहे.

१० जानेवारी

मालक दारात येऊन आभार मानून गेले. म्हणाले, कुठल्या कागदावर लिहायचं असं मी कधी सांगितलं होतं? बशीतलं थोटूक रुमालात घेऊन गेले.

ठमी कोण?

मागची पानं वाचली. अक्षर माझं आहे. तर्काने कळतं की मला एक मुलगी आहे. बारा तारखेला मी तिच्याकडे जायचं आहे. कुठे, ते लिहिलेलं नाही. लिहायची गरज वाटली नसेल—

‘ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली.’ कुणाला?

११ जानेवारी

बॅग उचलून फाटकापर्यंत गेले. उघडंच होतं. डावीकडे की उजवीकडे—

परत आले.

१२ जानेवारी

गुण मागितले. शंभर दिले. खोटे नाहीत ते. इतकं उत्तम काही मी कधी—

ते कुणाचं होतं?

१३ जानेवारी

वळणाऱ्या बाईने शेजारी जागा करून दिली. पान सपाट कसं करायचं ते दाखवलं. हात शांत राहतो. मला इथे सगळे ‘बाई’ म्हणू लागलेत. तिलाही. अडत नाही.

१४ जानेवारी

फाटकावर कुणी गरोदर बाई आली. बाराला यायचं होतंस ना, म्हणत माझा हात धरला. पोरीचा हात गार होता. घाबरलेली. कुणाची तरी वाट पाहून आली असावी. मी म्हटलं, या दिवसांत एवढा प्रवास करू नये. ती जास्तच रडली.

मालक म्हणाले, सामान तिच्या हवाली करा. केलं—

एक बॅग, कपड्यांसकट.
एक फोटो, दोन माणसांचा.
एक टोपडं, अर्धवट, सुया तशाच. मी नाकाशी धरून पाहिलं. लोकर.
खास सिगारची एक पेटी, चाखणारीचा हक्क म्हणून.

पोच मागितली. तिने पेटी उघडली, वास घेतला, आणि माझा हात सोडला. दोन्ही हातांनी पेटी छातीशी धरून तिलाच म्हणाली, आई. पुन्हा पुन्हा तेच. मी समोर उभी आहे हे तिच्या ध्यानातही—

ही वहीपण तिचीच म्हणे. तीही देऊन टाकते. एवढं एक लिहून, की त्या पेटीवर शंभर गुण मी दिलेत, आणि पेटवू नकोस, पोरी, तिला पेटवू—