रेघ न मारलेला नट

आप्पा, तुमची काळी गाडी परत गॅरेजात आली आहे. ट्रकवरून उतरवली तेव्हा चारही टायर बसलेले होते आणि डिकीत उंदरांनी संसार थाटला होता. तुमच्यामागं गाडीच्या मालकांनी ती ट्रकवर घालूनच कागलच्या मळ्यात नेली आणि तिथल्या शेडमध्ये ती तशीच उभी होती. रॅलीत त्यांच्या शेजारच्या सीटवर तुम्ही बसणार होता. तुम्हीच नाही तर कुणासंगं जायचं, असं म्हणत मालकांनी तिला पुन्हा हात लावला नाही आणि एक दिवस तेही गेले. आता त्यांचा मुलगा साठीला आलाय आणि बापाचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलंय. जुन्या गाड्यांची तीच लांब पल्ल्याची रॅली, दक्षिणेच्या टोकापासून पार हिमालयापर्यंत. तिथं वेगाला किंमत नाही, रोज संध्याकाळी मुक्कामाला पोचण्याला आहे. मी आधी नाहीच म्हटलं. उद्यमनगरात दुसरे मिस्त्री काय कमी आहेत? पण तो म्हणाला, "तुमच्या वडलांनी तयार केलेली गाडी हाय ही. दुसऱ्याच्या हातात कशी देऊ?" मग घेतली मी.

तयारी तुमच्याच पद्धतीनं केली. चाकांवरच्या कमानींना एकेक पाटा वाढवला, इंजिनाखाली दगड लागू नये म्हणून जाड पत्रा ठोकला, वायरिंग सगळं नवं ओढलं, धूळ आत येऊ नये म्हणून दारांची रबरं बदलली. काल दुपारी रेतीची पोती भरून गगनबावड्याचा घाट चढवून आणली. त्याआधी मात्र सगळी गाडी खोलावी लागली, आणि तिथंच माझा जीव निघाला. नटानटावर तुमची लाल रेघ होती. नट आवळून झाला, की नटावरून खालच्या लोखंडावर नेलपॉलिशची एक बारीक रेघ तुम्ही ओढायचात. नट तसूभर जरी फिरला तरी रेघ तुटते आणि लांबून कळतं. महाद्वार रोडच्या बांगडीवाल्याकडून तुम्ही दोन बाटल्या आणल्या होत्या, एक नटांसाठी आणि एक माझ्यासाठी. मी माझी बाटली गॅरेजात घेऊन बसले, तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत झापलंत. "नखं रंगवायची असतील तर घरी जा. हितं रेघ म्हंजे सही हाय. रेघ न्हाय, तर काम झालं न्हाय." तेव्हा मला तुमचा फार राग आला होता. आज मी गॅरेजातल्या पोरांना तेच वाक्य तितक्याच खेकसून ऐकवते.

तर त्या सगळ्या रेघा मी माझ्या हातानं मोडल्या. इलाजच नव्हता, नट खोलून तपासल्याशिवाय एवढ्या लांब गाडी पाठवता येत नाही. पाना लावायचा, जोर द्यायचा, रेघ मधोमध तुटायची, की मी पुढच्या नटाकडं. घरातलं माणूस गेल्यावर त्याचे कपडे वाटून टाकतात ना, तसं वाटत होतं, आणि ते मी एकटीच करत होते.

बाकीचे नट पुन्हा आवळून त्यांवर मी माझ्या रेघा ओढल्या, शेवटी उरला स्टिअरिंगच्या दांड्याचा नट. त्याच्यावर रेघ नाही हे मला बघायच्या आधीच ठाऊक होतं. खंडेनवमीचा दिवस. तुम्ही गाडीखाली आडवे, मी दिवा धरून बसलेली. सगळी हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडली होती, तुमच्या हातातला पाना तेवढा राहिला होता. आईनं तीनदा हाक मारली, पूजा खोळंबलीय म्हणून. तुम्ही नट नुसता बोटांनी बसवलात आणि बाहेर आलात. मी म्हटलं, एवढा आवळून घ्या की. तुम्ही पाना पुसून माझ्या हातात दिलात. "आज हत्यारं इश्रांतीला. परवा आवळू." पाना पाटावर गेला, त्याला हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल वाहिलं. एकदा पूजेला मांडलेलं हत्यार दसरा उलटल्याशिवाय उचलायचं नाही, हा नियम तुम्ही कुणासाठी मोडला नाहीत. दुसऱ्या दिवशी दसरा. दुपारी छातीत कळ आली म्हणालात आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं. संध्याकाळी सोनं द्यायला आलेली माणसंच खांदा द्यायला थांबली. काहींच्या मुठीत आपट्याची पानं तशीच होती.

परवा रात्री जेवताना मी आईला सांगितलं, तो नट अजून तसाच आहे. तिला आता नीट ऐकू येत नाही, पण हे ऐकू आलं. ती भाकरी कुस्करायला लागली. मग म्हणाली, "मीच हाक मारलीती." इतक्या वर्षांत ती हे पहिल्यांदा बोलली. मी म्हटलं, तुझ्या हाकेचा आणि त्यांच्या जाण्याचा काय संबंध? तिनं मान हलवली, पटल्यामुळं नव्हे. हात धुतल्यावर म्हणाली, "आवळ बाई आता. लई दिवस थांबला त्यो."

काल सकाळी आवळला. पाना तुमचाच. नट बसताना जराही कुरकुरला नाही, जणू दसरा कालच झाला होता. तुमच्या त्या परवाच्या भरवशावर मी इतकी वर्षं काढली, हे मला गाडीखालीच कळलं, आणि तिथं आडवी पडून मी पोटभर रडले. जोवर नट ढिला होता, तोवर तुम्हाला यायला एक निमित्त होतं. तेही माझ्याच हातानं संपलं.

गाडी उद्या पहाटे निघेल. हे पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. वाचून तुम्ही आधी गाडीखाली शिरला असता. तेव्हा सांगते, काळजी नको. नट घट्ट आहे, पिन घातली आहे, दोनदा तपासलाय. धाकट्या मालकानं आज वाकून बघितलं आणि विचारलं, सगळीकडं रेघ हाय, हितंच कशी न्हाय? राहिली असेल, लावते, असं मी म्हटलं. बाटली उघडून खाली गेलेही होते, आप्पा. तशीच वर आले.