गाडीत बसण्याआधी

शेळगाव, ता. इंदापूर
मंगळवार, ११ नोव्हेंबर १९९७

प्रिय दादास,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. वहिनींची दाढ काढली हे कळलं. एव्हाना सूज उतरली असेल. विकीला चष्मा लागला हे तू एका ओळीत लिहिलंस. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. बारा वर्षांच्या मुलाच्या तोंडावर चष्मा कसा दिसत असेल, ते डोळ्यांपुढे येत नाही. माझ्या डोळ्यांपुढे तो पाच वर्षांचाच आहे.

इकडे ठीक आहे. कारखाना सुरू झाला. ऊसतोडीवाल्यांच्या खोपी माळावर पडल्या आहेत. पुढच्या भिंतीचा गिलावा निघाला होता, तो गवंडी बोलावून करून घेतला. दाराला हिरवा रंग दिला. रंग मीच दिला, म्हणून खालच्या बाजूला ओघळ आहेत.

तू लिहितोस, की तेवीस तारखेला रविवारी जीप घेऊन येतो, चार कपडे भरून ठेव. पुण्याजवळ चांगली जागा पाहिली आहे, बाग आहे, डॉक्टर तिथेच असतात. किती दिवसांसाठी, ते तू लिहिलेलं नाहीस. सप्टेंबरात मला पुन्हा झालं हे तुला कुणी सांगितलं, तेही नाही. ज्याने सांगितलं त्याला अर्धंच माहीत असणार. म्हणून मी सगळं लिहिते.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी पिण्याचं पाणी दोनदा गाळायला लागले. मग तीनदा. मला ते स्वच्छतेसाठी वाटत होतं. शेजारच्या मुक्ताबाईंनी दोरीवर फडकी मोजली आणि दारात येऊन म्हणाल्या, "करुणा, ही तिसरी कशापायी?" मी म्हटलं, पावसाळ्याचं पाणी गढूळ आहे.  घरी जाऊन त्यांनी कागद काढला.

हा कागद काय आहे ते तुला सांगायला हवं. बारामतीच्या संस्थेच्या विजयमाला दर गुरुवारी लूनावरून येतात, हे तुला माहीत आहे. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा आवाज ऐकू येतात का, हे त्यांनी विचारलं नाही. दिवसातली कोणती वेळ जड जाते, असं विचारलं. मी म्हटलं, सकाळ. डोळे उघडल्यापासून उन्हं अंगणात येईपर्यंत. त्यांनी मला सकाळचं काम शोधलं. सर्जेराव दूध डेअरी चालवतात. सहा वाजता माणसं किटल्या घेऊन येतात. मी प्रत्येक दुधात लॅक्टोमीटर सोडते, आकडा वाचते, मोठ्याने सांगते. पहिल्या आठवड्यात दोन घरांनी आमच्या हाती दूध द्यायचं नाही म्हणून किटल्या दुसरीकडे नेल्या. एक परत आलं. दुसरं अजून जातं.

मी बरी असताना विजयमालांनी तो कागद माझ्याकडून लिहून घेतला. आजार परत येताना कसा येतो, ते मला जितकं ठाऊक आहे तितकं त्यांच्या डॉक्टरांनाही नाही, असं त्यांचं म्हणणं. वर मी माझ्या खुणा लिहिल्या. त्याखाली कुणी काय करायचं ते. मुक्ताबाईंनी रोज एक वेळ माझ्याबरोबर जेवायचं. सर्जेरावांनी मला कामावरून काढायचं नाही, फक्त नमुन्याच्या बाटल्या धुवायला द्यायच्या. त्यांच्या फोनवरून विजयमालांना कळवायचं. कुणी माझ्याशी वाद घालायचा नाही, काही सिद्ध करून दाखवायचं नाही. आणि मी एक ओळ घातली होती: माझ्या माठातलं पाणी माझ्यादेखत प्यावं, पण त्याबद्दल बोलू नये.

ती ओळ विजयमालांनी सगळ्यांसमोर वाचली. आई होती तोवर मुक्ताबाई आपल्या उंबऱ्यापर्यंत यायच्या. भाकरी द्यायच्या, लुगडं द्यायच्या, आजारपणात बसायलाही यायच्या. पाणी मात्र त्यांनी आपल्या घरी कधी घेतलं नाही. आईनेही कधी पुढे केलं नाही. इतक्या वर्षांत दोघींना ते अवघड वाटलं असेल असं मला वाटत नाही. त्या दिवशी मुक्ताबाई खाली बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "फुडचं वाचा की."

सप्टेंबरात त्यांनी ते पाणी प्यायलं. पहिल्या दिवशी तांब्या भरून घेतला, तोंडाशी नेला आणि थोडा वेळ तसाच धरला. मग प्यायल्या. त्यानंतर एकोणीस दिवस, रोज.

सर्जेराव चुकले. एका सकाळी मी सगळ्यांसमोर म्हटलं, की या दुधात उसाची फवारणी उतरली आहे. त्यांना ते सहन झालं नाही. त्यांनी अर्धा लिटरचं माप कच्च्या दुधाने भरलं. "बघा मास्तरीण, पितो. मेलो तर डेअरी तुमची." आणि घटाघटा प्यायले. कच्चं दूध त्यांना सोसत नाही. दोन दिवस अंथरुणाला होते. माझी खात्रीच पटली. मुक्ताबाई त्यांच्या दारात जाऊन म्हणाल्या, "तुला कागुद वाचाय दिलता का पुंगी कराय?" हे मला नंतर कळलं. आता आम्ही त्यावर हसतो. तेव्हा मी घरात बसून त्यांच्या मरणाची वाट पाहत होते.

विजयमालांनी मला बारामतीला डॉक्टरांकडे नेलं. निघण्याआधी कुठे, कशाला आणि परत किती वाजता, हे तिन्ही सांगितलं. डॉक्टरांनी औषध वाढवलं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दोरीवर एकच फडकं राहिलं. अकरा तारखेला मी पुन्हा लॅक्टोमीटर हातात घेतला. सर्जेराव एवढंच म्हणाले, की बाटल्या मात्र मास्तरणीसारख्या कुणाला धुता येत नाहीत.

झालं ते एवढं. मला भरती करावं लागलं नाही. कुणी बांधलं नाही, कुणी खोटं सांगितलं नाही.

दादा, मला त्या बागेच्या जागी यायचं नाही. इथे माझ्या दाराची किल्ली माझ्याकडे आहे. सकाळी सहाला मी गेले नाही तर चाळीस माणसं माझी वाट पाहत उभी राहतात. तिथे कुणी वाट पाहणार नाही, फक्त लक्ष ठेवतील. चौदा महिने मी ते पाहिलं आहे.

तुला आठवत असेल, नव्वद सालच्या जुलैत तू आलास आणि म्हणालास, जिल्हा परिषदेतून बोलावणं आलंय, तुझी ऑर्डर निघाली आहे. मी इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसले. डी. एड.चं सर्टिफिकेट, शाळेचे दाखले, सगळं फायलीत लावलं. गाडीत तू मला दोनदा चहा पाजलास. इस्पितळाच्या फाटकातून आत गेल्यावरही मला ते जिल्हा परिषदेचंच आवार वाटत होतं. टेबलामागच्या माणसापुढे मी फाईल उघडून ठेवली. तो तुझ्याकडे बघून हसला. तू खाली पाहिलंस.

दुसरा काही मार्ग नव्हता, हे मी मान्य करते. मी जेवत नव्हते, आईला मारायला धावत होते. तुला जमलं ते तू केलंस. पण त्यानंतर कुणी 'चल' म्हटलं की माझे पाय जड होतात. इंजेक्शनसाठी बारामतीच्या एसटीत बसायला मला वर्ष लागलं.

हे पत्र मी इथेच संपवू शकले असते. तशी दोन पत्रं लिहून फाडली.

विकी मागच्या खोलीत अडकला त्या दिवसाबद्दल, मला काही आठवत नाही असं मी सगळ्यांना सांगत आले. डॉक्टरांना, तुला, आईला. मला आठवतं.

एप्रिल होता. तुम्ही सुट्टीला आला होता. गावाच्या टाकीत विष कालवलं आहे, हे मला आठ दिवसांपासून माहीत होतं. माहीतच होतं, वाटत नव्हतं. विकी अंगणात खेळून आला आणि म्हणाला, आत्या, पाणी. मी त्याला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं, ज्वारीच्या पोत्यांवर बसवलं, म्हटलं इथे तुला कुणी पाणी देणार नाही. बाहेर येऊन कडी घातली. दहा वाजले असतील. वर पत्रा होता.

तुम्ही सगळीकडे शोधलंत. शाळेत, पाटावर, बाभळीत. वहिनी रस्त्यावर बसून राहिल्या. तू विहिरीत उतरलास. तू बुडी मारून वर यायचास, श्वास घ्यायचास आणि पुन्हा आत जायचास. मी काठावर उभी होते. तू वर बघून विचारलंस, करुणा, तू पाहिलंस का त्याला? मी नाही म्हटलं. सांगितलं असतं तर तुम्ही त्याला पाणी पाजलं असतं.

तीन वाजता आईने कडी काढली. तो ओठ फुटून पडला होता. तू त्याला उचलून इंदापूरला पळालास. सलाईन लावून परत आणलंस आणि ओट्यावर उभं राहून विचारलंस, कडी कुणी घातली? आईने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग म्हणाली, "मीच घातली. पोतं काढाय गेलते. आत कोण हाय ते बगितलं न्हाय."

त्यानंतर तू तिच्याशी बोलला नाहीस. मला न्यायला आलास तेव्हाही तिच्या हातचा चहा घेतला नाहीस. तिच्या शेवटच्या आजारात पत्र गेलं, तू आलास तो ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी. ती रोज एकच विचारायची, विकी केवढा झाला असंल. मी पायाशी बसलेली असायचे. तेव्हा मी औषधावर होते, बरी होते. मला सगळं कळत होतं. सांगायला मला तीन वर्षं मिळाली होती. तिने कधी विषय काढला नाही आणि मीही काढू दिला नाही.

कडी आजाराने घातली, असं मी म्हणू शकते आणि ते खरं आहे. विहिरीच्या काठावरचा 'नाही'ही आजाराचाच. पण त्यापुढची तीन वर्षं आजाराची नव्हती. ती माझी आहेत. मला भीती वाटत होती की कळल्यावर तू मला कायमची आत ठेवशील. आई गेल्यावर मी पुन्हा बिघडले ते लोक दुःखाने म्हणाले. दुःख होतंच. हेही होतं.

विजयमालांना मी हे गेल्या महिन्यात सांगितलं.  त्या म्हणाल्या, कुणाला सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मी अडवणार नाही. तुझं पत्र आल्याचं काल सर्जेरावांच्या फोनवरून कळवलं तेव्हा मात्र म्हणाल्या, रविवार जाऊ द्या, मग लिहा. त्यांचं बरोबर आहे. हे वाचल्यावर तुला जीप आणायला कारण मिळेल, आणि ते मीच दिलेलं असेल. पण रविवार जाऊ देऊन लिहिलं असतं, तर मी तुला फाईल घेऊन गाडीत बसवल्यासारखंच झालं असतं.

आईने कडी घातली नव्हती, दादा. एवढं तुला कळायला हवं होतं. विकीला सांगायचं की नाही, केव्हा आणि किती, ते तू आणि वहिनींनी ठरवा. त्याने मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही.

रविवारी तू ये. येऊ नको असं मी म्हणणार नाही, हे घर तुझंही आहे. मी कपडे भरून ठेवणार नाही. ओट्यावर बस, मुक्ताबाईंना विचार, सर्जेरावांना विचार, विजयमालाही त्या दिवशी येणार आहेत. मग मला समोर बसवून विचार. माझं उत्तर नाही असंच असेल. त्यावर तू काय करशील ते मला माहीत नाही. तुझ्यात राग असेल आणि तो खोटा नसेल. मी दार लावून घेणार नाही. फक्त, मला न्यायचंच ठरवलंस, तर गाडीत बसण्याआधी कुठे नेतोस ते खरं सांग. मोठ्याने सांग, सगळ्यांसमोर.

हे पत्र मी शुद्धीवर असताना लिहिलं आहे. तारीख वर घातली आहे. कुणालाही वाचून दाखवलेलं नाही.

वहिनींना जयभीम. विकीला आशीर्वाद लिहावा असं मनात आलं, पण ते तू हे वाचल्यानंतर ठरेल.

विहिरीच्या काठावर उभी होती ती, आणि हे लिहिते आहे तीही,
तुझीच बहीण
करुणा